कथाखेळांच्या पोटातला क्रमांक

‘झॉर्क’चा पहिला भाग सुरू केला की पडद्यावर आधी चार-पाच ओळी उमटतात. खेळाचं नाव, इन्फोकॉम कंपनीच्या हक्कांची सूचना आणि सगळ्यात खाली आवृत्ती ८८, अनुक्रमांक ८४०७२६. मग पांढरं घर, घरासमोरची टपालपेटी आणि खेळ सुरू. खेळणाऱ्याला त्या शेवटच्या ओळीशी काही देणंघेणं नसतं. माझी नजर मात्र तिथेच थांबते, कारण माझी सगळी नोकरी ग्रंथालयात सूचीकरण करण्यात गेली. पुस्तक हातात आलं की मी आधी प्रकाशक, साल आणि आवृत्ती बघते, कथानक मागाहून. ‘झॉर्क’चा हा अनुक्रमांक म्हणजे तारीखच आहे: २६ जुलै १९८४. त्या दिवशी तयार झालेल्या प्रतीने आपली जन्मतारीख आपल्याच पोटात ठेवली आणि आज चाळीस वर्षांनंतरही ती विचारली की सांगते.

हे खेळ मला पुतण्याने दाखवले. इंटरॅक्टिव्ह फिक्शन हे त्यांचं इंग्रजीतलं नाव. मी त्यांना कथाखेळ म्हणते. चित्रं नसतात किंवा असली तर नावापुरती. वाचायचं, मग ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ अशी आज्ञा टाईप करायची किंवा एखाद्या शब्दावर क्लिक करायचं, आणि गोष्ट पुढे सरकते. म्हणजे हे वाचायचंच साहित्य आहे. मग सूचीकाराचा पहिला प्रश्न आलाच: याची नोंद करायची कशी?

सुरुवातीला नोंद नव्हतीच. १९७५-७६च्या सुमाराला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत विल क्राउथर नावाचा प्रोग्रामर होता. केंटकीतल्या मॅमथ केव्ह या अजस्र गुहेत उतरून तिचे नकाशे करणाऱ्यांपैकी तो एक. त्याची बायको पॅट्रिशिया हीसुद्धा गुहा धुंडाळणारी, आणि १९७२ मध्ये फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहा आतून जोडलेल्या असल्याचं शोधणाऱ्या तुकडीत ती होती. पुढे दोघांचा घटस्फोट झाला. त्याच सुमाराला क्राउथरने आपल्या मुलींना खेळायला म्हणून फोरट्रान भाषेत, पीडीपी-१० या संगणकावर, गुहेचा एक खेळ लिहिला. तो ‘अ‍ॅडव्हेंचर’. त्याने तो प्रसिद्ध वगैरे केला नाही. एका संगणकावरून दुसऱ्यावर लोकच नकला उतरवत गेले.

अशी एक नक्कल स्टॅनफर्डमध्ये डॉन वुड्सला सापडली. खेळ वाढवावा असं त्याच्या मनात आलं, पण परवानगी कोणाकडे मागायची? क्राउथर हे नाव कळलं होतं, माणूस कुठल्या गावी आहे ते नव्हतं. मग वुड्सने त्या वेळच्या आर्पानेट जाळ्यावरच्या एकूण एक संगणकावर ‘क्राउथर’ या नावाने पत्र पाठवलं. जाळं तेव्हा लहान होतं म्हणून हे जमलं. उत्तर आलं, परवानगी मिळाली आणि १९७७ मध्ये वुड्सची ३५० गुणांची आवृत्ती बाहेर पडली.

पुढची गोष्ट सूचीकाराला खरोखर हळहळायला लावणारी आहे. क्राउथरचा मूळ प्रोग्राम वुड्सच्या आवृत्तीखाली गाडला गेला. क्राउथरने किती लिहिलं आणि वुड्सने किती, यावर वर्षानुवर्षं ऐकीव माहितीच चालली. डेनिस जर्झ या अभ्यासकाने वुड्सच्या विद्यार्थिदशेतल्या खात्याचा जुना बॅकअप स्टॅनफर्डकडून मिळवला. त्यात क्राउथरच्या फायली होत्या. जर्झ तेवढ्यावर थांबला नाही. तो केंटकीला जाऊन प्रत्यक्ष गुहेत उतरला आणि प्रोग्राममधली वर्णनं खडकांशी ताडून पाहिली. २००७ मध्ये त्याने हे सगळं लिहून प्रसिद्ध केलं. खेळाच्या आत कर्ता, आवृत्ती आणि तारीख एवढं जरी नीट लिहिलेलं असतं, तरी तीस वर्षांची ही पायपीट वाचली असती.

मधल्या काळात ‘अ‍ॅडव्हेंचर’ची पिल्लावळ अफाट वाढली होती. ज्याला प्रोग्राम मिळाला त्याने त्यात दोन खोल्या वाढवल्या, चार खजिने घातले. नाव मात्र सगळ्यांचं एकच. तेव्हा या खेळांची वंशावळ मांडणाऱ्यांनी एक युक्ती काढली: कर्त्याच्या नावाची पहिली चार अक्षरं आणि खेळात जास्तीत जास्त मिळू शकणारे गुण. वुड्सची ती वुड०३५०, डेव्हिड प्लॅटची ती प्लॅट०५५०. खोल्या किंवा खजिने वाढले की गुणही बहुधा बदलतात, म्हणून बाकी काही कळत नसेल तर गुणांवरून ओळखायचं. मला ही युक्ती फार आवडते. ग्रंथाच्या अंगावर काहीच खूण नसेल तर त्याच्या बांध्यावरून त्याला ओळखायचं हे जुन्या सूचीकारांचंच काम. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली तेव्हा मुखपृष्ठं आणि शीर्षकपानं गेलेली किती पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली असतील, याचा विचार मी अनेकदा करते.

इन्फोकॉमने मात्र ओळख आतच घातली, आणि तीही निव्वळ व्यवहाराची गरज म्हणून. १९७९ मध्ये एमआयटीतल्या मंडळींनी ही कंपनी काढली. त्या वेळी बाजारात अ‍ॅपल, टीआरएस-८०, अटारी असे एकमेकांशी न जुळणारे संगणक होते. प्रत्येकासाठी खेळ नव्याने लिहिणं परवडणार नव्हतं. जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी झेड-मशीन नावाचा कल्पित संगणक आखला. खेळ एकदाच या कल्पित यंत्रासाठी लिहायचा आणि प्रत्येक खऱ्या संगणकासाठी त्या यंत्राची नक्कल करणारा लहानसा प्रोग्राम द्यायचा. खेळाच्या फाइलचे पहिले ६४ बाइट माहितीसाठी राखलेले. त्यात अगदी सुरुवातीला यंत्राचा प्रकार, लगेच आवृत्ती क्रमांक, थोडं पुढे सहा अक्षरी अनुक्रमांक आणि त्यानंतर या ६४ बाइटांपुढच्या सगळ्या फाइलची बेरीज. डिस्क खराब झाली आहे का, हे त्या बेरजेवरून तपासता यायचं.

एवढा आटापिटा कशासाठी? खेळाडू अर्ध्यावर डाव जतन करून ठेवतो. डाव म्हणजे यंत्राच्या स्मृतीचा त्या क्षणीचा नकाशा. खेळात एखादं वाक्य दुरुस्त केलं तरी स्मृतीतल्या जागा सरकतात आणि जुना डाव नव्या आवृत्तीत उघडला तर सगळाच गोंधळ. म्हणून जतन केलेला डाव याच प्रतीचा आहे का, हे आधी विचारायला हवं. पुढे हौशी लोकांनी क्वेट्झल नावाचं डाव जतन करण्याचं सामाईक स्वरूप ठरवलं, त्यातही आवृत्ती, अनुक्रमांक आणि बेरीज ही तिन्ही लिहून ठेवायचा नियम आहे. सूचीच्या मोहाने कोणी हे क्रमांक घातले नव्हते. तरी आज इन्फोकॉमच्या प्रतींची नोंद आपण करू शकतो ती त्यांच्यामुळेच.

१९८६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने इन्फोकॉम घेतली आणि १९८९ मध्ये केंब्रिजचं कार्यालय बंद झालं. कथाखेळांचा धंदा संपला, पण कथाखेळ संपले नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या ‘इन्फोटास्कफोर्स’ या हौशी गटाने झेड-मशीनची रचना उलगडून काढली होती. १९९३ मध्ये ग्रॅहम नेल्सन या इंग्रज गणितज्ञाने ‘इन्फॉर्म’ ही खेळ रचण्याची भाषा केली आणि तिच्यातून निघालेली फाइल थेट झेड-मशीनवर चालू लागली. माइक रॉबर्ट्सची ‘टॅड्स’, केंट टेसमनची ‘ह्यूगो’, कँपबेल वाइल्डची ‘अ‍ॅड्रिफ्ट’ अशी इतर साधनंही होती. १९९२ मध्ये फोल्कर ब्लासियसने जर्मनीतल्या जीएमडी या संशोधनसंस्थेच्या सर्व्हरवर या सगळ्यांसाठी संग्रह उघडला. तो ‘आयएफ अर्काइव्ह’ अजून चालू आहे. १९९५ पासून कथाखेळांची वार्षिक स्पर्धा सुरू झाली.

आता अडचण उलट दिशेने आली. कंपनी एक असेपर्यंत तारीख आणि आवृत्ती पुरे होती. जगभर सुटे लेखक लिहायला लागल्यावर दोन अनोळखी माणसांनी आपापल्या खेळाची पहिली आवृत्ती एकाच दिवशी तयार करणं सहज शक्य झालं, आणि स्पर्धेच्या शेवटच्या तारखेच्या आसपास तर फारच. आवृत्ती १, तारीख तीच, खेळ दोन. टॅड्स किंवा ह्यूगोच्या फाइलींची तर घडणच वेगळी. ‘हा खेळ तोच का?’ या प्रश्नाला सगळीकडे लागू पडेल असं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

ते उत्तर २००६ मध्ये ‘ट्रीटी ऑफ बॅबल’ने दिलं. या कराराच्या मागे सरकार नव्हतं, प्रमाणसंस्था नव्हती की पैसाही नव्हता. खेळ रचण्याची साधनं बनवणारे लोक, ज्यांच्यात तांत्रिक मतभेद पुष्कळ होते, ते एका मसुद्यावर सही करायला तयार झाले. प्रत्येक कथाखेळाला एक ओळख-क्रमांक असेल, त्याचं नाव आयएफआयडी. तो किमान ८ आणि कमाल ६३ चिन्हांचा. त्यात अंक, रोमन मोठी अक्षरं आणि आडव्या रेघा एवढंच चालेल. नव्या खेळाला साधनानेच यूयूआयडी द्यायचा. यूयूआयडी म्हणजे ८-४-४-४-१२ अशा पाच गटांतले ३२ अंक-अक्षरं, यदृच्छेने निवडलेली. त्यांची संख्या इतकी प्रचंड की कोणालाही न विचारता निवडलेले दोन क्रमांक सारखे निघण्याची भीती व्यवहारात उरत नाही. पुस्तकांच्या आयएसबीएनला प्रकाशकाने अर्ज करावा लागतो. इथे एकटा लेखक रात्री दोन वाजता घरबसल्या क्रमांक घेऊ शकतो, आणि हौशी साहित्यासाठी हीच गोष्ट निर्णायक होती.

जुन्या खेळांचं काय? तिथे करार फारच सुज्ञ आहे. जुन्या फाइलींना हात लावायचा नाही. त्यांच्या आत जे आहे त्यावरूनच क्रमांक काढायचा. म्हणून माझ्या ‘झॉर्क’चा क्रमांक झेडकोड-८८-८४०७२६. इन्फोकॉमनंतरच्या, एकमेकांत मिसळू शकणाऱ्या झेड-मशीन फाइलींना शेवटी बेरीजही जोडायची. ज्या फाइलीच्या पोटात काहीच खूण नाही तिच्या अक्षरन् अक्षराचं एमडी५ गणित करून जो आकडा येईल तो घ्यायचा. यात एक मोल द्यावं लागतं: जुन्या खेळाच्या दहा आवृत्त्या असल्या तर दहा क्रमांक होतात, कारण तिथे क्रमांक प्रतीचा असतो. नव्या खेळात मात्र क्रमांक कृतीचा. लेखकाने चुका सुधारून पाचवी आवृत्ती काढली तरी तो तोच राहतो. कृती आणि प्रत यांतला फरक ग्रंथपालांनी अनेक परिषदा घेऊन ठरवला. इथे प्रोग्रामरांनी तो स्वतःच्या गरजेतून गाठला याचं मला मनापासून कौतुक आहे.

क्रमांकाबरोबर करारात नोंदीचा नमुनाही होता, आयफिक्शन नावाचा. शीर्षक, कर्ता, भाषा, प्रथम प्रकाशन, प्रकार, परिचय, आणि एक रकाना जो कुठल्याच ग्रंथालयात नसतो: खेळ किती क्षमाशील आहे. अँड्र्यू प्लॉटकिनने घातलेल्या पायऱ्या त्यात येतात. दयाळू खेळात तुम्ही कधीच अडकत नाही. क्रूर खेळात एखादी वस्तू सुरुवातीला राहून गेली की डाव गेलेला असतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. नेल्सनने त्याच वर्षी आणलेल्या ‘इन्फॉर्म ७’मध्ये ही सगळी माहिती ज्या पानावर दिसते त्याला त्याने ग्रंथालयाचं कार्डच म्हटलं आहे. रॉस रॅझेव्स्कीने ‘बॅबल’ हा प्रोग्राम लिहिला; त्याच्यापुढे कोणत्याही जातीची फाइल टाकावी, तो क्रमांक सांगतो. पुढच्या वर्षी माइक रॉबर्ट्सने आयएफडीबी ही सूची उघडली आणि क्रमांक दिला की खेळाची नोंद समोर येऊ लागली.

हे सगळं बसतंय तोवर खेळ फाइलमधून निघून वेबपानात गेले. २००८ मध्ये अतुल वर्मा यांचं ‘पार्चमेंट’ आलं आणि झेड-मशीनचे खेळ ब्राउझरमध्ये चालू लागले. २००९ मध्ये ख्रिस क्लिमसने ‘ट्वाइन’ काढलं. ट्वाइनमध्ये आज्ञा टाईप करायच्या नसतात, शब्दांवर क्लिक करायचं. प्रोग्रामिंग न येणारे लेखक मोठ्या संख्येने आले आणि त्यांनी आधी कोणी न लिहिलेले विषय लिहिले. आणि ट्वाइनची कृती म्हणजे एक वेबपान. त्याला ६४ बाइटांचं राखीव डोकं नाही.

एमडी५ने काम भागेल असं वाटतं, पण वेबपानाला हात फार लागतात. ज्या ठिकाणी ते ठेवलं तिथली यंत्रणा त्यात वाचकमोजणीचा तुकडा घालते, कोणी खाली ओळ जोडते, कोणी रिकाम्या जागा काढून पान लहान करते. गोष्ट तसूभर बदललेली नसते आणि आकडा मात्र पूर्ण बदलतो. फुकट जागा देणारी सेवा बंद पडली की पान तिसऱ्याच ठिकाणी जातं. पत्त्यावरून ओळखायचं तर पत्ताच मेलेला. शिवाय वेबवर ‘खेळाचं पान’ एका जातीचं नसतं. ट्वाइनचं पान म्हणजे खुद्द खेळ. पार्चमेंटचं पान खेळाची फाइल दुसरीकडून आणून चालवणारं. तिसरं पान नुसतं ओळख करून देणारं, मुखपृष्ठ आणि दुवा असलेलं. तिघांवर नाव एकच. सूचीकाराला या तिघांत फरक करता यायलाच हवा.

उपाय जुनाच निघाला. आमच्याकडे पुस्तक दाखल झालं की दाखल क्रमांक शीर्षकपानामागे तर पडतोच, पण आतल्या एका ठरलेल्या पानावरही लिहितात. त्याला आम्ही ‘सिक्रेट पेज’ म्हणतो. पहिली पानं फाटली किंवा कोणी मुद्दाम फाडली तरी ते पान उघडलं की पुस्तक कोणाचं ते कळतं. कथाखेळांच्या लोकांनी हेच केलं. करारानुसार बनलेल्या इन्फॉर्मच्या फाइलीत ‘यूयूआयडी’ या खुणेने सुरू होणारी एक ओळ कुठेतरी पडलेली असते. फाइलीची घडण न समजणारा प्रोग्रामही ती शोधू शकतो. वेबपानासाठी एचटीएमएलमधला मेटा टॅग वापरायचा. पानाच्या शिरोभागात तो बसतो, वाचकाला दिसत नाही, यंत्राला दिसतो. त्यात गुणधर्माचं नाव ‘आयफिक्शन:आयएफआयडी’ आणि समोर क्रमांक. पान कुठेही हलवा, खाली काहीही चिकटवा, ती ओळ पानासोबत जाते.

ट्वाइनमध्ये वेगळी सोय आहे. ट्वाइन २मध्ये केलेली कोणतीही गोष्ट साध्या नोटपॅडमध्ये उघडा. बराच मजकूर ओलांडल्यावर ‘टीडब्ल्यू-स्टोरीडेटा’ असा टॅग सापडेल. त्यात गोष्टीचं नाव, सुरुवात कुठल्या तुकड्यापासून, ट्वाइनची कुठली आवृत्ती, कुठला साचा, आणि त्यांच्या रांगेत आयएफआयडी. तिसऱ्या गटाचा पहिला अंक ४ असेल. तो यदृच्छेने काढलेल्या यूयूआयडीची खूण. त्याच्याखाली गोष्टीचा एकेक तुकडा, प्रत्येकाला क्रमांक आणि लेखकाच्या पडद्यावर तो जिथे मांडला होता ती जागासुद्धा. लेखकाने कुठला प्रसंग कशाशेजारी ठेवला होता हे त्यावरून कळतं. हस्तलिखिताच्या समासाइतकं हे मोलाचं आहे.

आणि त्या टॅगमध्ये काय नाही? लेखकाचं नाव. ट्वाइनच्या पहिल्या पिढीत लेखकाचं नाव लिहायला खास तुकडा होता. दुसऱ्या पिढीत तशी ठरलेली जागा राहिली नाही. माझ्या मते हे मागे जाणं आहे. गोष्टीची भाषाही त्या टॅगमध्ये नाही. परिणाम असा की पान सूचीपासून तुटलं तर क्रमांक उरतो, कर्ता उरत नाही. क्राउथरची गोष्ट पुन्हा घडायला वाव ठेवलेला आहे.

हे मी मराठी वाचकांना का सांगते आहे? झेड-मशीन रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेलं होतं. तीन अक्षरं दोन बाइटांत कोंबायची त्याची रीत देवनागरीला कधीच सोयीची नव्हती. वेबपानात ती अडचण नाही. ट्वाइनमध्ये मराठी गोष्ट जशी टाईप कराल तशी दिसते, जोडाक्षरांसकट. म्हणजे मराठीत कथाखेळ लिहिले जाणार ते मुख्यतः याच स्वरूपात, आणि हरवण्याचा धोकाही याच स्वरूपाला सगळ्यात जास्त.

तेव्हा लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. गोष्ट पूर्ण झाली की फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडा आणि आयएफआयडी आहे याची खात्री करा. सुधारित आवृत्ती काढताना तो बदलू नका. जुन्या गोष्टीची फाइल घेऊन तिच्यावर नवी गोष्ट बेतली असेल तर मात्र नवा क्रमांक घ्या, नाहीतर दोन कृती एकाच नावावर जमा होतील. शिरोभागात मेटा टॅगने आपलं नाव लिहा आणि भाषेच्या जागी मराठीचा संकेत ‘एमआर’ घाला. दोन मिनिटांचं काम आहे. मग आयएफडीबीवर नोंद करा आणि एक प्रत आयएफ अर्काइव्हकडे पाठवा. तिथे प्रती घेतात, आणि पैसे लागत नाहीत.